शेवग्याचा पाला वाळवून विकायचा म्हणजे काय काय करावं लागतं, आमचा अडीच वर्षांचा अनुभव

गावातल्या आणि माहेरच्या मिळून पंधरा-वीस जणींनी तरी आतापर्यंत फोन करून विचारलं असेल की वहिनी, शेवग्याचा पाला वाळवून विकता म्हणे, किती सुटतात, आम्ही पण लावू का. फोनवर अर्धंच सांगून होतं आणि राहिलेलं अर्धं नेमकं जास्त कामाचं असतं, म्हणून सगळं तारखा आणि पैशांसकट लिहून काढते. जेवढं आठवतं आणि जेवढ्या पावत्या डब्यात सापडल्या त्यावरून लिहिलंय.

आमचं शेत माढा तालुक्यात, मोडनिंबच्या बाजूला. चार एकर, एक विहीर, एक एकर शेवगा शेंगांसाठी होताच. शेंगांचं ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, एखाद्या महिन्यात सोनं आणि पुढच्या महिन्यात सोलापूरच्या मार्केटला नेलेल्या मालाचं गाडीभाडंही निघत नाही. त्यात मोबाईलवर शेवगा पावडर तीनशे-चारशे रुपये किलो दिसली आणि आमच्या ह्यांनी ठरवलं की पाल्यासाठी वेगळा प्लॉट करायचा.

जून २०२३ मध्ये वीस गुंठ्यांत तीन बाय दोन फुटांवर पीकेएम-१ टोकलं. ही तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची जात, शेंगांसाठी प्रसिद्ध, पण पाल्याला चालते. बियाण्याला साडेचार हजार गेले. त्या वर्षी पावसानं दगा दिला, उजनी भरली नाही आणि ऑक्टोबर संपता संपता सरकारनं जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात माढा होता. बाकी पिकं माना टाकत होती तरी शेवगा तगला, एवढं मात्र त्याचं खरं.

सप्टेंबरमध्ये झाडं कमरेच्या वर आल्यावर जमिनीपासून फूट-दीड फूट ठेवून पहिली कापणी केली. आम्हाला वाटलं वाळवायचं म्हणजे काय, गच्चीवर टाकायचं. सोलापूरचं ऊन, दोन दिवसांत कडकडीत झालं, पण रंग तंबाखूसारखा. घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यानं फोनवर ९५ रुपये किलो सांगितले होते, माल बघितल्यावर ४० वर आला. ३१ किलो होता, १,२४० रुपये हातात पडले आणि मजुरीच त्याच्या कितीतरी पट झाली होती. नंतर कळलं की थेट उन्हात हिरवा रंगही जातो आणि अ जीवनसत्त्वही जातं, आणि ह्या धंद्यात घेणारा आधी रंग बघतो, मग वास, मग बाकीचं.

नोव्हेंबरमध्ये दुसरी कापणी. ह्या वेळी जुन्या गोठ्यात बांबूचे पाच मजले करून शेडनेट ताणलं, सावलीत वाळवायला. खरी अडचण पानं सोलण्याची निघाली. शंभर किलो फांद्या कापल्या तर त्यात पानं भरतात ४५ किलोच्या आसपास, बाकी सगळे देठ आणि काड्या. ती ४५ किलो वाळून होतात १० किलो. म्हणजे शंभराला दहा. हा आकडा आधी कुणी सांगितला असता तर मोबाईलवरचा तीनशेचा भाव बघून आम्ही इतकं हुरळून गेलो नसतो. त्या शंभर किलोला कापायला दोन बाया, धुवायला-पसरायला एक, सोलायला तीन, तीनशे रुपयांनी १,८०० रुपये. दहा किलोवर वाटले तर किलोला १८० रुपये नुसती मजुरी, आणि सुक्या पानाचा भाव ९५. त्या रात्री मी वहीत हे तीनदा मांडून बघितलं, मला वाटलं माझंच कुठंतरी चुकतंय.

तोड सासूबाईंनी काढली. त्या म्हणाल्या, "आगं भाजीचा पाला आपण रात्री फडक्यात बांधून ठिवतो की, सकाळी झटकला की पानं आपोआप गळत्यात, त्याला बाया कशाला लावायलाव?" इतकी वर्षं भाजी करताना हेच करत होते आणि इथं सुचलं नव्हतं. पण साठ किलो पाला एकदम ताडपत्रीत बांधून ठेवला तर सकाळी आत हात घालवेना इतका तापलेला, मधला सगळा काळा पडलेला. भाजीच्या जुडीला जे चालतं ते ढिगाला चालत नाही. दोन-तीन वेळा करून बघून जमलं ते असं: संध्याकाळी कापायचं, लगेच धुवायचं, पाणी निथळू द्यायचं, मग दोन-दोन किलोच्या सैल जुड्या बांधून दोरीवर टांगायच्या, दहा-बारा तासांनी खाली स्वच्छ कापड टाकून झटकायच्या. ऐंशी टक्के पानं पडतात. तेव्हापासून चार बाया दीडशे किलोचं काम दिवसात उरकतात, १,२०० रुपयांत १५ किलो सुका माल, किलोला ८० रुपये मजुरी. ह्या एका गोष्टीनं धंदा बंद पडायचा वाचला.

त्याच महिन्यात मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन आलो. जाताना वाळलेल्या पानाचा नमुना न्या, बोलणं मुद्द्याचं होतं. तिथून आल्यावर मी घरगुती मोजमाप सुरू केलं, ज्यांच्याकडे मॉइश्चर मीटर नाही त्यांनी हे जरूर करा. एका ट्रेवर खूण करून त्यात बरोबर एक किलो ओली पानं टाकायची आणि तोच ट्रे रोज वजन करायचा. २४० ग्रॅमच्या खाली आलं की ओलावा सात टक्क्यांच्या जवळपास गेला असं समजायचं. हातात चुरगाळून कुडकुड वाजतं म्हणून भरलेलं पोतं पंधरा दिवसांनी कोंदट लागतं, हे मी केलंय.

जानेवारी २०२४ मध्ये फूड लायसनच्या मागे लागले. आमची उलाढाल तेव्हाच्या १२ लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी आत, म्हणून लायसन नाही, साधी नोंदणी पुरते. फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती, पाच वर्षांची एकदम काढली तर ५००. मोडनिंबला एकानं २,५०० मागितले. शेवटी अर्ज भाच्याकडून फॉस्कॉसवर, म्हणजे अन्न नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, घरीच भरला, फोटो, आधार, जागेचा पुरावा एवढंच लागलं. ११ जानेवारीला भरला, २२ ला चौदा आकडी नंबर आला. एक जपा, पदार्थाचा प्रकार भरताना चूर्ण, औषध असलं काही लिहू नका, ती वाट आयुषच्या, म्हणजे आयुर्वेदिक औषधांच्या परवान्याकडे जाते. आणि पाकिटावर शुगर बरी होते, गुडघे बरे होतात असं छापू नका. बाजारात बरेच जण छापतात, पण अन्नपदार्थावर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. माझ्या पाकिटावर फक्त शेवगा पानांची पावडर असं आहे आणि मला त्यात काही कमी वाटत नाही.

फेब्रुवारीत पहिल्यांदा पावडर केली. दळायला गावातल्या कांडपावर नेली, बाईंनी यंत्र झाडून-पुसून दिलं, आधी दोन किलो गहूही टाकून काढले, तरी पावडरीला मिरचीचा ठसका लागला तो लागलाच. १८ किलो माल. कुणाला विकायची हिंमत झाली नाही, घरी भाकरीच्या पिठात आणि पाहुण्यारावळ्यांत संपवली. फेब्रुवारी-मार्च हा सगळ्यांच्या घरी वर्षाची चटणी करायचा हंगाम, कांडप दिवसरात्र मिरचीवर चालू असतं, हे डोक्यात यायला हवं होतं.

मग मार्चमध्ये सगळ्यात मोठा दणका. पुण्याकडच्या एका कंपनीनं नमुना मागवला, सोबत लॅबचा रिपोर्ट हवा म्हणाले. कुर्डुवाडीहून हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेले, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये नमुना दिला, ओलावा, जिवाणू आणि कीडनाशकांचे अंश मिळून ६,८०० रुपये. बारा दिवसांनी रिपोर्ट आला, ओलावा ठीक, जिवाणू ठीक, आणि दोन कीडनाशकांचे अंश मर्यादेच्या वर. पाल्याच्या प्लॉटवर आम्ही एकही फवारा मारला नव्हता. पण शेजारीच आपली शेंगांची बाग, तिच्यावर अळीसाठी दोन फवारण्या झालेल्या, वारा आपल्याच बाजूचा. पाच पैशाचं औषध उडून आलं असेल पण पान वाळताना चार-सव्वाचार किलोचं एक किलो होतं, म्हणजे पानावर जे आहे ते तेवढ्याच पटीनं दाट होतं. ज्या औषधाची त्या पिकासाठी मर्यादा ठरवलेलीच नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच चालतं, म्हणजे जवळपास काहीच नाही. रिपोर्ट वाचून मी स्टेशनवर बराच वेळ तशीच बसून होते, ६,८०० पण गेले आणि सहा महिन्यांचं काम पण.

म्हणून जे विचारतात की आमच्याकडे शेंगांची बाग आहेच, त्याचाच पाला काढून वाळवू का, त्यांना माझं सरळ उत्तर नको असं आहे. आम्ही मधल्या चार ओळी उपटून तिथं दाट मका लावला, शेंगांच्या बागेवर निंबोळी अर्काशिवाय काही मारायचं नाही असं ठरवलं आणि त्यापायी त्या वर्षी शेंगांचं नुकसानही सोसलं. ह्यांच्याशी त्यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं, तेही लिहितेच.

जून २०२४ मध्ये उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी केली. ती फुकट असते, आधार आणि पॅनवर दहा मिनिटांत होते, कुणाला पैसे देऊ नका. पुढे तिचा किती उपयोग झाला ते खाली येईल.

त्या पावसाळ्यात दुसरं गणित समजलं. शेवगा जून ते ऑक्टोबर नुसता फोफावतो, ४० दिवसांत कापणीला येतो, पण तेव्हा हवा दमट, गोठ्यात पाला चार-चार दिवस ओलाच, आणि ४० किलो पानांना बुरशी आली. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर, दीड दिवसात सावलीत सुरेख हिरवं वाळतं, पण तेव्हा विहिरीला पाणी नाही म्हणून पाला नाही. पाला असतो तेव्हा वाळत नाही आणि वाळतो तेव्हा पाला नसतो. ड्रायर घ्यायचा की नाही हा प्रश्न ह्या पाच महिन्यांचा आहे, बाकी वर्षभर आपल्याकडे शेडनेट पुरतं.

सप्टेंबर २०२४ चा दुसरा रिपोर्ट पास झाला. कंपनीनं सांगितलं महिन्याला शंभर किलो द्या, ८० मेशची, म्हणजे बारीक चाळणीतून काढलेली पावडर, २१० रुपये किलो. तेव्हा कुठं कर्जाचा विचार केला. हे मुद्दाम सांगते कारण ओळखीतल्या दोन घरांनी आधी ड्रायर घेतला आणि आता त्यात कडबा ठेवतात. बायबॅकचं, म्हणजे पाला आम्हीच विकत घेऊ असं सांगून रोपं देणारे आणि डिपॉझिट घेणारेही आमच्याकडे येऊन गेले, शेजारच्या गावात तिघांनी पैसे भरले, रोपं मिळाली, पाला न्यायला कुणी आलं नाही.

कर्ज पीएमएफएमईतून, म्हणजे सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगाची केंद्राची योजना, २०२० पासूनची, आमच्या वेळी प्रकल्पाच्या ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त दहा लाख, आणि आपले किमान १० टक्के. ती कृषी खात्याकडून राबवतात. अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती असतात, त्यांना शासनाकडून मानधन मिळतं, आपण काही द्यायचं नसतं. आमचा प्रकल्प ३ लाख २० हजारांचा, सोलर टनेल ड्रायर (उन्हावर चालणारा, बोगद्यासारखा) पंख्यांसकट आणि स्टीलचा छोटा पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं यंत्र. अर्ज माझ्या नावानं आणि जमीन सासूबाईंच्या नावावर, म्हणून संमतीपत्र करावं लागलं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प बंद होऊन पाचशेचा झालेला, तो घेतला. सातबारा, आठ अ, लाईट बिल, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, दोन कोटेशन. १४ नोव्हेंबरला अर्ज पोर्टलवर गेला.

पहिल्या बँकेत पाच चकरा मारल्या. मॅनेजर साहेब म्हणाले पाल्याला कोण कर्ज देतं, शिवाय ह्यांचं पीक कर्ज थकलेलं. मी म्हटलं साहेब अर्ज माझा आहे, माझं सिबिल बघा. जानेवारीत लेखी नकार आला. तो लेखी घ्या, त्याशिवाय अर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवताना अडचण येते, निदान आम्हाला तरी आली असती. दुसऱ्या बँकेतल्या मॅडमनी कंपनीचं मागणीपत्र आणि लॅबचा रिपोर्ट बघितला, शेतावर येऊन गेल्या, १९ मार्च २०२५ ला मंजुरी दिली. आमचे ३२ हजार, कर्ज २ लाख ८८ हजार, सबसिडी १ लाख १२ हजार. ही सबसिडी हातात येत नाही, तीन वर्षं बँकेतच वेगळ्या खात्यात राहते आणि युनिट चालू असेल, कर्ज थकलं नसेल तर नंतर कर्जात वळती होते. पण तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हे मंजुरीपत्रात नीट बघून घ्या. आमचा हप्ता ३,८०० च्या आसपास बसतो.

ह्या वाट बघण्याच्या काळात जानेवारीत सोलापूरला बचत गटांच्या प्रदर्शनात स्टॉल लावला होता, शंभर ग्रॅमचं पाकीट ८० रुपये. पाकिटं पारदर्शक घेतली होती, दोन दिवस उजेडात राहून पुढच्या बाजूची पावडर फिकी पडली, तेव्हापासून आतून चांदी असलेलं पाकीट वापरते, लेबलसकट सात रुपये पडतं. लेबलवर पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, बॅच नंबर, फूडचा नंबर, हिरवा ठिपका, तक्रारीचा फोन एवढं लागतंच. लोक पाकीट हातात घेऊन एकच विचारायचे, "ताई हे कशात घालायचं?" आणि सांगून सांगून घसा बसायचा. तिसऱ्या दिवशी घरची शेंगा चटणी (शेंगदाण्याची) नेली होती त्यात पावडर मिसळून कडक भाकरीच्या तुकड्यावर चाखायला दिली, आणि लोक चटणीच मागायला लागले. सोलापुरात शेंगा चटणी समजावून सांगावी लागत नाही. नोंदणीत चटणी वाढवून घेतली आणि आता पाव किलो १०० रुपयांना जाते, त्यात ६८ खर्च.

मेमध्ये ड्रायर उभा राहिला. जुलैमध्ये पहिला १०० किलोचा लॉट पाठवला. बिलावर उद्यम नंबर मोठ्या अक्षरात टाकला. आयकराचा नियम असा आहे की आपल्यासारख्या नोंदणीकृत सूक्ष्म उत्पादकाचे पैसे मुदतीत, लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत नाही दिले तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, एप्रिल २०२४ पासून लागू झालाय. कंपनीच्या अकाऊंटवाल्यांना हे माहीत असतं. एक्केचाळिसाव्या दिवशी पैसे आले, एकदाही फोन करावा लागला नाही. ऑगस्टमध्ये नऊ दिवस सूर्यच नव्हता, हीटर लावावा लागला, ते लाईट बिल जड गेलं. पुढच्या वर्षी अशा दिवसांत कापणीच पुढे ढकलणार आहे, पान थोडं जून झालं तरी चालेल.

ऑक्टोबरच्या शेवटी अमेरिकेत शेवगा पावडरीतून साल्मोनेला पसरल्याची बातमी आली, ती पावडर भारतातून गेलेली. दुसऱ्याच आठवड्यात कंपनीचा मेल, यापुढे प्रत्येक लॉटला जिवाणूंचा रिपोर्ट. एका वेळचे १,८०० रुपये. आम्ही परदेशात काही पाठवत नाही तरी, पण मला ते पटलं, ही पावडर लोक न शिजवता पाण्यात कालवून पितात. आता धुवायचं पाणी बोअरचं असलं तरी क्लोरीन टाकून, बायांना टोपी-मास्क, आणि शेळ्या शेडच्या बाजूला बांधायच्या नाहीत.

आता हिशोब. जून ते डिसेंबर २०२५, चार कापण्या, ३८० किलो पावडर. किलोला खर्च मजुरी ८०, शेतातला २५, वीज आणि दळण १२, पोती आणि वाहतूक १३, असे १३० रुपये. कंपनीला ३१० किलो गेली, किलोला ८० प्रमाणे २४,८०० सुटले. पाकिटांतून ४० किलो, दुकानदार ८० चं पाकीट ५६ ला घेतो, पाकिटाचे सात वजा जाऊन किलोला ३६० सुटतात, ते १४,४००. सात हप्ते २६,६०० आणि तीन लॉटच्या तपासणीचे ५,४०० गेले. राहिले ७,२००. चटणीचे वेगळे साडेसहा-सात हजार. ३० किलो पावडर शिल्लक आहे. माझी स्वतःची मजुरी ह्यात धरलेली नाही, ती धरली तर अजून उणेच आहे. हप्ते संपले की चित्र बदलेल, पण ते अजून चार वर्षं लांब आहे.

बघायला यायचं असेल तर संध्याकाळी या, कापणी आणि धुणं तेव्हाच असतं, आणि पहाटे जुड्या झटकताना थांबता आलं तर अजून बरं. आता फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कापणी आहे, विहिरीला पाणी टिकलं तर मार्चअखेर अजून एक होईल.